डोळे झाकून न्या, गुरुजी!

प्रति,
परमस्नेही नर्सरीवाले शेठ,
मुक्काम हमरस्त्यालगत, हिरव्या जाळीखाली.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा संध्याकाळी आपला फोन आला. रोपं नेली त्याला बारा वर्षं उलटून गेली. या काळात मी आपल्याला केलेल्या फोनांची गणती नाही, पण आपण होऊन केलेला हा पहिलाच. ‘गुरुजी, ओळखलंत का?’ असं आपण विचारलंत. शेठ, सकाळी उठून बागेत पाऊल टाकलं की पहिलं स्मरण आपलं होतं, देवाचा नंबर त्यानंतर. ओळखणार नाही तर काय!

फोन कशासाठी होता त्याकडे शेवटी येतो. आधी जुनी देणी. आपल्या उपकारांची नोंद मी एका शंभर पानी वहीत ठेवली आहे, मास्तरकीची खोड, दुसरं काय. त्यातली चार पानं जाहीर वाचून दाखवावीत म्हणतो. लोकांना कळू दे की अशी माणसं अजून आहेत आणि धंद्यातही आहेत.

तो दिवस मला लख्ख आठवतो. २०१२ चा मृग. आदल्या वर्षी रबराचा भाव किलोला दोनशे चाळीसच्या घरात जाऊन आलेला. दोडामार्ग तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी रबर. केरळातून आलेल्या मंडळींनी इथले डोंगर आधीच हिरवे केले होते आणि पहाटे कपाळाला बॅटरी बांधून झाडांतून फिरणारी माणसं आम्हाला भुतांइतकी सवयीची झाली होती. मी नुकताच निवृत्त. फंडाचे पैसे आलेले. सव्वादोन एकरांतला वडलांच्या हातचा काजू मी तोडून टाकला, याचं पाप मात्र माझंच, ते आपल्या खात्यावर टाकत नाही.

फंडाचे पैसे खिशात असलेला निवृत्त मास्तर लांबून ओळखायचा ही आपली विद्या. मी फाटकात शिरतो न शिरतो तोच आपण खुर्ची दिलीत, चहा सांगितलात, आणि मी कुठल्या शाळेत होतो हे विचारून आपला मेहुणा माझा विद्यार्थी निघाल्याचंही जाहीर केलंत. तो मेहुणा मला पुढे कुठल्याच हजेरीपटावर सापडला नाही. पण भावना पोचली.

आणि रोपं तरी काय देखणी! शेंड्याला तांबूस, लवलवती, रेशमासारखी पालवी. मी तर लहान मुलाच्या गालाला हात लावावा तसा हात लावला.

पुढे कळलं की रबराचं झाड पानांचे एकेक मजले चढवत वाढतं. एक मजला जून झाला की जरा थांबतं, मग दुसरा. लावायला न्यायचं रोप दोन मजल्यांचं असावं आणि वरचा मजला गर्द हिरवा, पक्का झालेला असावा. तांबडी कोवळी पालवी असताना हलवलं तर ते मान टाकतं. म्हणजे आपण मला काम चालू असलेली इमारत विकलीत आणि ताबा त्याच दिवशी दिलात. इतका तत्पर व्यवहार कुठला बिल्डर करतो हो?

मी भीत भीत भाव विचारला. मान्यतेच्या रोपवाटिकेत नाव नोंदवून थांबावं लागत होतं. आपल्याकडे थांबणं नाही आणि रोपामागे पंधरा रुपये कमी. चारशे रोपांचे सहा हजार वाचले. येताना टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी या सहा हजारांचा हिशेब तीनदा केला. मागे हौद्यात आपल्या माणसांनी पिशव्या एकीवर एक रचल्या होत्या, त्यांतले मातीचे गोळे प्रत्येक खड्ड्यागणिक फुटत होते, ते मला ऐकू आलं नाही. त्या प्रवासात माझ्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते नंतर पुन्हा आलेलं नाही. तेही आपलंच देणं.

निघताना मी एकदाच धीर करून विचारलं होतं, ‘शेठ, सगळी एकशेपाचच ना?’

आपण छातीवर हात ठेवलात. म्हणालात, ‘डोळे झाकून न्या, गुरुजी!’

नेली. पण शेठ, हे वाक्य आपण किती शास्त्रशुद्ध बोललात ते कळायला मला तीन वर्षं लागली.

आपल्याला सांगण्याचा उद्धटपणा मी करणार नाही, पण हे पत्र आणखी कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. आरआरआयआय १०५ ही जात कोट्टयमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेची, १९८० मध्ये लागवडीसाठी दिलेली. आई जावाची, बाप मलायाचा. चिकाला भरघोस म्हणून नाव झालेली पोर. पण ती बियातून तशीच्या तशी उतरत नाही, हापूस उतरत नाही तसंच. म्हणून साधं बी रुजवून खुंट वाढवायचा, त्याच्या सालीत १०५ च्या काडीवरचा डोळा भरायचा आणि डोळ्याने जीव धरला की वरचा खुंट छाटून टाकायचा. मग जे वाढतं ते डोळ्यातून. मुळं परक्याची, झाड आपलं. सगळा खेळ अंगठ्याएवढ्या सालीच्या तुकड्याचा.

आणि डोळा मेला तर? खुंट हट्टी असतो. तो बोटभर बाजूने आपली स्वतःची फूट काढतो. पानं तीच, तीन-तीनची. रंग तोच. पिशवी तीच, फलक तोच, भाव तर तोच. फूट डोळ्यातून आली आहे की शेजारून, हे बघायला लागतो दहा सेकंदांचा वेळ आणि अंगठ्याचं नख.

हे मला दाखवलं गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांनी. ते मूळचे कोट्टयमकडचे. मराठी बोलतात ती मालवणी, पण मल्याळी चालीवर. तिसऱ्या वर्षी सहज बागेत आले, एका झाडाशी उकिडवे बसले, बुंध्याची माती हाताने सारली आणि नख लावलं. मग पुढच्या झाडाशी बसले. मग त्याच्या पुढच्या. मी मागे उभा. सात-आठ झाडं झाल्यावर उठले, हात झटकले आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतो त्या आवाजात म्हणाले, ‘मास्तर, डोळा मेलेला. हे जंगली.’

मी वाकून बघितलं. डोळ्याच्या जागी काळी, वाळकी खपली, गुडघा फुटल्यावर असते तशी. नख लावलं की भुगा. आणि तिच्या शेजारून वर गेलेलं, माझ्या मनगटाएवढं झालेलं, मी तीन वर्षं शेणखत घालून वाढवलेलं ते झाड.

तेव्हा कुठे आपल्या वाक्याचा अर्थ लागला. त्या दिवशी डोळे झाकलेले होते, पण ते एकट्या माझे नव्हते.

काही रोपांचे डोळे जगलेही होते, हे न सांगणं कृतघ्नपणा होईल. डोळा भरल्यावर त्याच्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात आणि तीनेक आठवड्यांनी सोडतात. आपल्या मायेला ती सोडवेना. पाचव्या वर्षी एका झाडाच्या बुंध्याला करगोटा आवळल्यासारखी खाच दिसली. कोयत्याच्या टोकाने साल उकलली तर आत पट्टी, अजून गाठीसकट. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला ताईतच तो. दृष्ट लागली नाही. पहिल्या आडव्या पावसात झाड बरोबर तिथेच मोडलं.

मी चौतीस वर्षं शाळेत काढली. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा कायदा आला तेव्हा आम्ही मास्तरांनी नाकं मुरडली होती. आपण ते धोरण कायद्याची वाट न बघता राबवत होता. रबराचं बी वाळूत रुजत घालतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उगवेल ते उचलायचं, मागून रेंगाळत येईल ते फेकायचं. पुढे खुंटांतले खुजे, वाकडे काढायचे. डोळा न धरलेले काढायचे. डोळा धरूनही किरकोळ फूट आलेले काढायचे. शेजारी म्हणतात, नर्सरी बघायची तर पुढून नाही, मागून बघायची; मागे टाकलेल्या रोपांचा ढीग किती मोठा, त्यावरून पुढच्याची किंमत करायची.

आपल्या मागच्या बाजूला मी हात धुवायला गेलो होतो. ढीग नव्हता. मला वाटलं, किती ही स्वच्छता!

आपल्या करुणेने पास झालेल्या त्या लेकरांचं पुढे काय झालं ते ऐका. बावीस बाय अकरा फुटांवर लावलेलं रबर काही वर्षांत वरून एकमेकांना भिडतं. पहिल्या पावसाळ्यात जे वीतभर मागे राहिलं ते त्यानंतर कायमचं दुसऱ्याच्या सावलीत जातं. सावलीतलं झाड उंच होतं, जाड होत नाही; उजेडासाठी मान लांब करत राहतं, सभेत मागच्या रांगेतला माणूस करतो तशी. त्याला खत घातलं की ते शेजारचं दांडगं झाड खातं. मी दुबळ्यांना दुप्पट खत घालून दांडग्यांना चौपट पोसलं. समाजवादाचं हे रूप मला सेवेत असताना दिसलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नांग्या भरायच्या होत्या. साठेक रोपं मेली होती. मी पुन्हा आपल्याकडेच आलो, हे आपल्याला आठवत असेलच. मेलेल्यांच्या बदल्यात काही सूट मिळेल अशी माझी भोळी समजूत. आपण पाच रुपये चढ्या भावाने दिलीत आणि जुनं गिऱ्हाईक म्हणून चहात आलं घातलंत.

डोळे मेल्याचं कळल्यावर आलो ती आपली शेवटची भेट. तिचं स्मरण झालं की अजून सद्‌गदित होतो. आपण सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, माती कातळाची. मग म्हणालात, पाऊस जास्त. मी म्हटलं, आणि उन्हाळा? तर तोही जास्त. शेणखत गरम पडलं असेल. वाळवी असेल. सगळी कारणं संपल्यावर आपण माझ्या तळहाताकडे बघितलंत आणि हळुवारपणे म्हणालात, ‘गुरुजी, एकेकाचा हात नसतो हो झाडाला.’ या हाताने मी किती पोरांना बाराखडी गिरवायला लावली! त्यांच्यातली किती वठली असतील या काळजीने मला त्या रात्री झोप नाही.

आणि त्यात खोटं तरी काय होतं? कोकणात रबराला जडच जातं. चार महिने आभाळ फाटतं आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत थेंब नाही. या कोरड्या महिन्यांत रबर कसं तगतं ते बघायला रबर बोर्डाचं संशोधन केंद्र उभं आहे, पालघर जिल्ह्यात, दापचरीला. म्हणजे शास्त्र आपल्या बाजूने साक्षीला तयार. फक्त मधे तो गडगा येतो.

गडग्याच्या पलीकडे तोच डोंगर, तोच जांभा, तोच पाऊस, तीच उन्हं. लागवड माझ्यानंतर आठ दिवसांनी. रोपं त्यांनी नाव नोंदवून, थांबून, प्रत्येक रोपाला नख लावून आणली होती. तीनशे रोपं निवडायला दोन दिवस लागले आणि तो नर्सरीवाला शेवटी शेवटी शिव्या द्यायला लागला होता म्हणे. आपण मला कधी अर्धा शब्द वाकडा बोलला नाहीत. संस्कार, दुसरं काय! तर त्यांच्या झाडांना आठव्या वर्षी चीक धरायच्या करवंट्या लागल्या. चिरेबंदी गडगा दीड हात रुंद आहे. एवढ्या जागेत हवामान बदलतं, हा शोध आपल्या नावे नोंदवावा असं मी दापचरीला कळवणार होतो.

रबराची वार्षिक परीक्षा असते. डोळ्याच्या जोडापासून १२५ सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर भरला की ते झाड पास. बागेतली सत्तर टक्के झाडं पास झाली की बाग सुरू करायची. केरळात हे सातव्या वर्षी होतं. जोडापासून मोजायचं तर आधी जोड हवा, हा बारकावा सोडून देऊ. मी दर डिसेंबरात शिंप्याची टेप घेऊन फिरतो आणि वहीत मांडतो. २०१९ ची पाचवी ओळ उतरवून देतो: ५२, ३१, ४४, १९, ४७, २३. एका आईची लेकरं म्हणून विकलेली ही सहा. यांच्यात १९ गुणवाला आहे त्याला मी पोराच्या नावाने हाक मारतो, कारण तोही उंचच होत गेला.

त्या वर्षी एक टॅपर बाग बघायला आला. पहाटेच्या एका फेरीत तीनशे झाडं उरकणारा माणूस. सगळ्या डोंगरावर फिरून आला, विडी पेटवली आणि म्हणाला, ‘सार, पाय चारशे झाडं चालतात, सुरी साठ झाडं चालते. पैसे कशाचे देणार?’ मी म्हटलं, सुरीचे. तो नमस्कार करून गेला. आज, बारा वर्षांनंतर, करवंटी लागते अशी झाडं दीडशेच्या आतबाहेर आहेत. त्यांत जंगली निघालेलीही आहेत. त्यांना छेद दिला की पांढरा चीक येतो, भुवईवरच्या घामासारखा, आणि करवंटीच्या तळाला रुपयाएवढा जमून थांबतो. टॅपर ती करवंटी माझ्यापुढे तिरकी करून दाखवतो. बोलत काही नाही.

भावाचं म्हणाल तर २०१६ च्या सुरुवातीला तो शंभराच्याही खाली गेला. शेजारीपाजारी हवालदिल. माझी झाडं तेव्हा लहान, त्यामुळे मला तोशीस नाही. २०२४ च्या ऑगस्टात तो पुन्हा अडीचशेच्या आसपास पोचला, तेव्हाही माझी निम्मीअधिक झाडं लहानच, त्यामुळे लोभाचीही बाधा झाली नाही. सुखदुःखे समे कृत्वा लाभालाभौ म्हणतात ती अवस्था ऋषिमुनींना तपाने मिळायची. मला पिशवीतून मिळाली.

आता तौक्ते. मे २०२१ मध्ये ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं आणि आमच्याकडचे माड, आंबे, विजेचे खांब, कौलं, सगळं झोडपून गेलं. गडग्यापलीकडेही नुकसान झालं; फांद्या मोडल्या, दोन खोडं मधून चिरली. माझी झाडं मोडली नाहीत. माझी एकोणीस झाडं मुळासकट आडवी निजली, प्रार्थनेला सांगितल्यासारखी, सगळी एका दिशेला डोकं करून.

गड्याने एकाचं मूळ पाटाच्या पाण्यात धुतलं. रबराचं सोटमूळ सरळ पाताळात जायचं. हे वीतभर खाली गेलं होतं, तिथे काहीतरी आठवल्यासारखं वळलं होतं, गोल फिरलं होतं आणि स्वतःच्याच अंगावरून पुन्हा एक वळसा घेऊन थांबलं होतं. कडबोळं. वेढ्यांचा आकार थेट पिशवीच्या तळाचा, आणि एका बाजूला पिशवीची घडी उमटलेली. ती पिशवी नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः ब्लेडने कापून काढली होती. मुळाच्या मते ती अजून तिथेच होती.

गडी म्हणाला, ‘गुरुजीनू, ह्या झाड पिशयेतच वाढला मा.’

आदल्या साली न खपलेली रोपं छोट्या पिशवीतच दुसरा पावसाळा काढतात तेव्हा असं होतं, हे मला नंतर कळलं. दुसरा कुणी असता तर त्याने ती फेकली असती. आपण ती एका निवृत्त माणसासाठी राखून ठेवलीत. शिळं झालेल्याला शिळं झालेलं. ते मूळ मी पडवीत खुंटीला टांगलं आहे. मुंबईचे पाहुणे विचारतात, कुठल्या आर्टिस्टकडून घेतलंत?

इतिहासात डोकावलं तर आपल्या तोडीचा एकच माणूस दिसतो. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये ब्राझीलहून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. तीन हजारही उगवल्या नाहीत, पण त्यांच्याच वंशावर सिलोन-मलायाची बागायत उभी राहिली. ब्राझीलचे लोक त्याला आजही बीजचोर म्हणतात. बिचारा! चोरून पाठवलं ते तरी त्याने नावाप्रमाणे पाठवलं. आपण रीतसर पावती फाडून जे पाठवलंत त्याला काय म्हणावं, याचा शब्द मला चौतीस वर्षं मराठी शिकवून सापडलेला नाही.

आमच्या तालुक्यात हत्ती येतात, आपण पेपरात वाचलं असेल. गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून उतरतात, केळी-माड उद्‌ध्वस्त करतात. त्यांच्यावर मोर्चे निघतात, भरपाईचे अर्ज निघतात. एका रात्रीत येऊन दहा माड पाडून जाणाऱ्याचा पंचनामा होतो आणि चारशे झाडं हसतमुखाने टेंपोत भरून देणाऱ्याचा होत नाही, हा हत्तींवर अन्यायच. डोळा भरलेल्या रबराच्या झाडाला मोठेपणी जोडापाशी एक फुगवटा येतो. जाणकार त्याला हत्तीचा पाय म्हणतात. वर खोड खांबासारखं सरळ, खाली हत्तीचा पाय, ही कलमी झाडाची खूण. नुसत्या बियाचं झाड तळाशी रुंद आणि वर निमुळतं होत जातं. दोडामार्गात हत्तीचा पाय बघायला लांब जावं लागत नाही, चिखलात उमटलेला मिळतो. आपल्या झाडांत मात्र शोधून शोधून थकलो.

तरीही माझ्या मनात शंका होती. मास्तर आहे, पुराव्याशिवाय कुणाला पट्टी मारली नाही. पुरावा या श्रावणात मिळाला.

रबराची बोंडं या दिवसांत तडकतात. उघडीप पडली, ऊन लागलं, की डोंगरावर ‘फट्, फट्’ सुरू होतं, कुणीतरी लपून लवंगी फटाके लावल्यासारखं. एका बोंडात तीन बिया, त्या लांबवर उडतात. बी तुळतुळीत, तपकिरी, अंगावर राखी ठिपक्यांची नक्षी. आणि या नक्षीची एक गंमत शेजाऱ्यांनी सांगितली: बियाचं कवच आईच्या अंगाचं असतं. बाप वाऱ्यावरचा कुणीही असो, वरची नक्षी आणि घडण त्या झाडाचीच. म्हणून एका जातीच्या सगळ्या कलमांचं बी एकसारखं दिसतं. त्यांच्याकडचे जाणते लोक नुसतं बी तळहातावर फिरवून जात सांगतात.

मी पन्नास झाडांची न तडकलेली बोंडं आकडीने उतरवली. प्रत्येक झाडाची वेगळी पुडी, पुडीवर ओळ आणि झाडाचा क्रमांक. शेजाऱ्यांनी त्यांच्या दहा-बारा झाडांचं बी आणलं. पडवीत दोन सुपं मांडली. त्यांच्या सुपात, देवाशपथ सांगतो, एका साच्यातून पाडलेल्या लाडवांसारखं बी. माझ्या सुपात एक लांबुळकं, एक चपटं, एक सुपारीसारखं गोल, एकावर वाघाचे पट्टे, एकावर देवीचे व्रण, एक जवळजवळ कोरं. नात सुट्टीला आली होती, तिला हा खेळ वाटला. ‘आजोबा, जुळ्या शोधूया?’ आम्ही दिवेलागणीपर्यंत जुळ्या शोधत बसलो. पन्नास पुड्यांत एकतीस निरनिराळे चेहरे निघाले.

शेठ, मी जात मागितली आणि आपण संग्रहालय दिलंत. तेही पंधरा रुपये कमी घेऊन.

मागच्या महिन्यात एसटीतून जाताना आपल्या फाटकावर नवा फलक दिसला: ४३०. ही १०५ चीच लेक, बाप श्रीलंकेकडचा. आपण घराण्याशी नातं टिकवून आहात याचा आनंद वाटला. फळी मात्र जुनीच. नव्या रंगाखालून पाचाच्या आकड्याची शेपूट अजून बाहेर डोकावते.

आता आपल्या फोनविषयी. आपण म्हणालात, यंदा खुंटासाठी बी कमी पडतंय, गुरुजींच्या बागेत पडून वाया जात असेल तर किलोने उचलू. शेठ, वाया कसं जाईल? आपलंच आहे. दोन पोती भरून ठेवली आहेत. लवकर न्या, रबराच्या बियात जीव फार दिवस राहत नाही. भाव आपल्याच शिरस्त्याप्रमाणे बाजारापेक्षा पंधरा रुपये कमी. जातीचं विचाराल तर सगळं एकशेपाच. छातीवर हात ठेवून सांगतो.

पैसे आगाऊ लागतील. मी एक पावतीपुस्तक छापून घेतलं आहे. छापखानेवाल्याला नमुना म्हणून आपली २०१२ ची पावती दिली होती, त्याने खालची ओळही तशीच उतरवली: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

आपला कृपाभिलाषी,
एकशेपाचवाले गुरुजी

ता. क. माझ्या पुतण्याने आपल्याकडे ४३० ची तीनशे रोपं सांगितली आहेत असं कळलं. येत्या रविवारी ती निवडायला तो, मी आणि गडग्यापलीकडचे शेजारी असे तिघे येत आहोत. मी अंगठ्याचं नख वाढवलं आहे. चहा सांगून ठेवा. दोन दिवस लागतील.